गेंचोची गुबगुबीत अक्षरं

"चौकट साधी घेऊ की नक्षीची?" रालित्सानं विचारलं आणि माझं डोकंच फिरलं.

नवरा जाऊन चार तासही झाले नव्हते. मी अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानात बसले होते. मागे भिंतीला टेकून शवपेट्या उभ्या होत्या आणि समोर ही पोरगी कॉम्प्युटरवर मला शोकपत्रकाच्या चौकटी दाखवत होती. रालित्सा आमच्याच इमारतीत वाढलेली. नाक पुसायचं कळत नव्हतं तेव्हापासून मी तिला ओळखते, म्हणून तिच्यावर ओरडायला मला कधी परवानगी लागली नाही.

"मजकूर तयारच असतो मावशी. 'अत्यंत दुःखाने कळवतो की', मग नाव, वय, फोटो, खाली दिवस आणि वेळ. दहा मिनिटांत छापून देते. तुम्ही फक्त फोटो आणा."

"ही अक्षरं नकोत."

"सगळ्यांची हीच असतात."

"म्हणूनच नकोत. ही अक्षरं आहेत की खिळे? या खिळ्यांत मी गेंचोला ठोकणार नाही."

हिला जरा पाणी द्यावं, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं. मी पाणी घेतलं नाही. शवपेटी ठरवली, गुरुवारची दोनची वेळ ठरवली आणि शोकपत्रकाचं मी बघते म्हणून उठले. आमच्या गावात माणूस डॉक्टरनं सांगून मरत नाही. काळ्या चौकटीचा कागद भिंतीवर लागला की मग मेला. बसथांब्यावर, झाडांवर, दिव्याच्या खांबांवर, औषधाच्या दुकानाच्या दारावर हे कागद असतात. लोक सकाळी कॉफी पितात आणि भिंत वाचायला बाहेर पडतात. हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. तरी मी उठले.

माझा नवरा गेंचो एकतीस वर्षं बाहुल्यांच्या थिएटरात पोस्टरं करत होता. मी तिथेच बाहुल्या नाचवायचे, बहुतेक वेळा बकरी. फरशीवर अंथरतात ते जाड लिनोलियम तो लाकडी ठोकळ्यांवर चिकटवायचा आणि चाकूनं त्यात अक्षरं कोरायचा. जाडजूड, गुबगुबीत, एकही सरळ उभं नाही. आमच्या लिपीतल्या 'झ'ला सहा पाय असतात. गेंचोच्या 'झ'चा एक पाय कायम उचललेला, आता नाचायला निघाला असा. 'फ' तर कमरेवर हात ठेवून उभी असलेली ढेरपोटी बाई. 'अ' त्यानं अकरा कोरले होते आणि अकराही वेगळे. मी एकदा म्हटलं, अरे एकच नीट कर आणि तोच वापर, कशाला हाल करून घेतोस? तर म्हणाला, "आपल्या इमारतीत अकरा म्हाताऱ्या आहेत. आहेत का दोघी सारख्या?"

गावातली निम्मी पोरं त्या पोस्टरांवर वाचायला शिकली. आया त्यांना थिएटरच्या भिंतीशी उभं करायच्या आणि विचारायच्या, हे कोण? हा 'फ'. हे कोण? आम्हा दोघांना मूलबाळ झालं नाही. पण रस्त्यात कुणाचं तरी पोर "फ काका!" म्हणून हाक मारायचं आणि गेंचोचा पुढचा आठवडा मजेत जायचा.

खेळाच्या आधी तो शाईच्या हातांनीच पडद्यामागे यायचा. पडद्याला एक भोक होतं. त्याला डोळा लावून तो माणसं मोजायचा. मी हातात बकरी घालून उभी असायचे आणि विचारायचे, "भरलं का?" सुरुवातीची वर्षं तो नुसता अंगठा दाखवायचा. पुढे पुढे आकडा सांगायला लागला. तीस. अठरा. शेवटच्या हिवाळ्यात पाच, त्यातले दोघे ऊब घ्यायला आलेले. पोरं आईबापांबरोबर जर्मनीला गेली, स्पेनला गेली, आणि सहा वर्षांपूर्वी थिएटरला कुलूप लागलं.

कुलूप लागलं त्याच्या पुढच्या वर्षी राजधानीतून, सोफियाहून, इस्क्रा नावाची मुलगी आली. कॉलेजात अक्षरांचंच काहीतरी शिकत होती. आठ दिवस आमच्या स्वयंपाकघरात बसून तिनं एकेका ठोकळ्याचे छाप घेतले, गेंचोच्या हातचं लोणचं खाल्लं आणि त्या अक्षरांचा कॉम्प्युटरचा फॉन्ट केला. फॉन्टचं नाव 'गेंचो'. कुणीही घ्या, कसाही वापरा, फुकट. गेंचोनं कागदावर सही केली तेव्हा तो नवऱ्यामुलासारखा सजून बसला होता.

वर्षभरात त्याची अक्षरं एका दह्याच्या डब्यावर आली. डब्यावर हसरा म्हातारा आणि वर गेंचोची अक्षरं. गेंचोनं डबा धुऊन खिडकीत ठेवला, येईल त्याला दाखवला. मग ती अक्षरं सॉसेजवर आली, टायरांच्या सेलवर आली, लॉटरीच्या तिकिटांवर आली. दह्यानं तर गाव भरून टाकलं. दर पंधरा दिवसांनी भिंतींवर नवा कागद. आज स्ट्रॉबेरीचं, उद्या कमी चरबीचं. एक दिवस गेंचो डबा हातात घेऊन बराच वेळ बसला होता.

"रुमे, यातले तिन्ही 'अ' एकसारखे आहेत."

"मग?"

"मग माझे बाकीचे दहा कुठे गेले?"

त्यानंतर तो दही खायचा, पण आधी वरचा कागद सोलून टाकायचा. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मी मात्र म्हटलं, म्हातारा झालास, किरकिरा झालास.

मागच्या रविवारी इस्पितळात तो शुद्धीवर होता. फुफ्फुसं संपली होती. एक वाक्य बोलायला त्याला तीनदा थांबावं लागायचं. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता. तो म्हणाला, "रुमे, गावात उरलंय कोण? माझ्यासाठी कोण येणार गं?"

"सगळं गाव येईल."

"भोकातून बघून सांगतेस का?"

"बघून सांगते. उभं राहायला जागा नाही."

त्याला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. नर्सनं मला बाहेर काढलं. मंगळवारी पहाटे तो गेला. माझ्या डोक्यात एकच होतं: गुरुवारी तिथे माणसं हवीत. मी त्याला शब्द दिला होता. आणि त्याच्या अक्षरांनी बोलावल्यावर गाव येणार नाही असं होईलच कसं? ज्यांना त्यानं वाचायला शिकवलं, त्यांना माझ्या मते दुसऱ्या कुठल्या कागदाची गरज नव्हती.

मी स्पासला बोलावलं. स्पास आमच्या रंगमंचाचे दोर आणि दिवे सांभाळायचा. आता कमरेतून वाकलेला आहे, पण अजून कामाचा. मी काय करणार ते ऐकलं आणि तो दारातच थांबला.

"वहिनी, नको करू. आपले डायरेक्टर गेले तेव्हा मीच गेंचोला म्हटलं होतं, पत्रक तुझ्या अक्षरांत कर. काय म्हणाला माहितीये? ही नाचायला केलीत, यांना खांदा द्यायला लावू नका."

"ते डायरेक्टरसाठी. डायरेक्टर त्याला आवडत नव्हता."

"तसं नाही गं. लोकांना सवय असते. काळी चौकट—"

"स्पास, तू खळ शिजव."

त्यानं खळ शिजवली. मी बाल्कनीतल्या कपाटातून ठोकळे काढले. शाई दगड झाली होती, ती टर्पेंटाइन घालून मऊ केली. रूळ फिरवला, कागद ठेवला आणि लाकडी डावाच्या पाठीनं घासत बसले. अक्षरं पोस्टरांसाठी केलेली, एवढाली मोठी. एका कागदावर पाच शब्दांवर काही मावेना. वर 'गेंचो'. खाली 'गुरुवारी दोन वाजता. या!' मध्ये फोटो. फोटो मी त्याचा हसरा निवडला, हातात लांडग्याची बाहुली धरलेला. उरलेल्या जागेत, फोटोच्या बाजूला, पेनानं बारीक लिहिलं की आपल्यातून गेला, आणि दफनभूमीचा पत्ता. क्रूस नाही, चौकट नाही. चाळीस कागद झाले.

खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मी सुखात होते. कागद उचलला की ओल्या काळ्या शाईत त्याचं नाव डुलत डुलत उभं राहायचं. हातांना तोच वास, नखांत तीच घाण. वाटत होतं की तो पलीकडच्या खोलीत आहे आणि आता येऊन म्हणेल, शाई फार लावतेस. स्पास कागद दोरीवर वाळत घालत होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता.

बुधवारी सकाळी आम्ही दोघं बादली घेऊन निघालो. बसथांबा, बाजार, औषधाचं दुकान, शाळेचं फाटक, थिएटरचं बंद दार. जागा मिळेल तिथे लावले. भिंतीवर एवढी माणसं मेलेली, की एकेक कागद बसवायचा म्हणजे फटीत बोट घालून जागा शोधायची. थिएटरच्या दारावर मी दोन लावले. बाजारात एक तरुण पिशवी घेऊन चालला होता. मला वाटतं कधीकाळी आमच्या पहिल्या रांगेत बसणाऱ्यांतला असावा. थोडा थबकला.

"काय काकू, नवीन काही उघडतंय?"

"उद्या दोन वाजता या," मी म्हटलं. आणि कागदावरून कुंचला फिरवत राहिले, बाकीचं तो वाचेलच.

"हो हो, बघतो," म्हणून तो निघून गेला. पाय न थांबवता, मान अर्धी वळवून, कुणी हातात जाहिरात कोंबायला लागलं की माणूस जातो तसा. स्पासनं बादलीत बघितलं. मी म्हटलं, चला, एक तरी नक्की झाला.

रात्रीपर्यंत मी गहू शिजवले. शेजारच्या त्सोंकाकडून लग्नाचं पातेलं आणलं. मेलेल्याच्या नावानं वाटायचे गहू, वर साखर, अक्रोड, किसलेलं बिस्किट. शंभर माणसांना पुरतील एवढे. त्सोंका म्हणाली, "अगं, एवढे?" मी म्हटलं, कमी पडले तर माझी इज्जत जाईल.

गुरुवारी दोन वाजता दफनभूमीच्या प्रार्थनाघरात आम्ही चौघं होतो. मी, स्पास, त्सोंका आणि दुकानाची फुलं पोचवायला आलेली रालित्सा, जी कोट न काढता दाराशी उभी राहिली आणि मग तिला परत जाता येईना. पाद्री होते, ते त्यांचं कामच. बाहेर खड्डा खणणारे चार जण सिगारेट ओढत होते.

सव्वादोन झाले. मी दाराकडे बघत होते. वाऱ्यानं दार हललं की मी दोन पावलं पुढे जायचे, आले म्हणून.

"दहा मिनिटं थांबू या," स्पास पाद्रींना म्हणाला. "आमच्याकडे नेहमी उशिरा येतात. कोट काढायला गर्दी होते."

पाद्री भले माणूस. थांबले. अडीच झाले. मग ते हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, बाहेर पोरं गारठलीत. उजेडही फार वेळ नाही."

गेंचो पेटीत पडला होता. नाक वर, नखांत अजून कुठे कुठे जुनी शाई. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं विचारलं नाही किती आले ते. पाद्रींनी चार माणसांसाठी सगळं म्हटलं, एकही ओळ गाळली नाही, आणि त्यांचा आवाज रिकाम्या भिंतींवर आपटून परत येत होता. पेटी उचलायला माणसं कमी पडली. खड्डेवाल्यांनी सिगारेटी विझवल्या आणि तेच आत आले. स्पास आपली वाकडी कंबर घेऊन पुढे झाला. कुणी त्याला अडवलं नाही.

मला रडू आलं नाही. राग आला. गावाचा असा राग आला, की माती टाकताना मी मनातल्या मनात घरं मोजून शिव्या देत होते. तुमची पोरं त्यानं हसवली. त्यांची तोंडं त्यानं अक्षरांकडे वळवली. आणि तुम्हाला थंडी वाजते! जा, तुमच्याही पेटीमागे कुत्रं येऊ नये. पाद्रींनी माझा चेहरा बघितला असावा. त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

स्पासला आणि त्सोंकाला पाद्रींनी गाडीतून सोडलं. मी बसनं जाते म्हटलं. मला कुणी नको होतं. लग्नाचं पातेलं मांडीवर घेऊन मी बाजारापर्यंत आले. पातेलं भरलेलंच, जड. चौघांनी खाऊन खाऊन किती खाल्ले असतील?

बाजाराच्या थांब्यावर उतरले, तर भिंतीशी बोंका. हातात कुंचला, पायाशी खळीचा डबा. बोंकानं आमच्या थिएटरात एकोणीस वर्षं लोकांचे कोट सांभाळले होते. कोट टांगायच्या आकड्यांचे बिल्ले गेंचोनं तिला कोरून दिले होते आणि थिएटर बंद झालं तेव्हा ते ती घरी घेऊन गेली. गेंचोवर तिचा एवढा जीव की मी कधीमधी जळायचे. हल्ली ती नदीपलीकडच्या वाडीत बहिणीकडे राहते. तिचा नवरा मित्को गेला त्याला त्या दिवशी वर्ष झालं होतं. आमच्याकडे वर्षानंही तसाच कागद लावतात, तो लावायला ती आली होती.

माझ्या हातातल्या पातेल्याकडे तिनं बघितलं. आमच्याकडे गव्हाचं पातेलं घेऊन कुणी उगाच फिरत नाही.

"रुमेना, कोण गेलं गं?"

"गेंचो."

कुंचला तिच्या हातातून खाली पडला. "कधी?"

"मंगळवारी. आत्ता पुरूनच येतेय."

तिनं माझ्या खांद्यावर चापट मारली. लागली मला. "आणि मला कळवलं नाहीस? निदान कागद तरी लावायचा! मी काल आले, आज आले, अख्खी भिंत वाचली. मेलेल्या माणसाचा कागद माझ्या नजरेतून सुटत नाही, माहितीये ना तुला? मी सगळ्यांना जाते. ओळख नसली तरी जाते!"

"लावलाय."

"कुठे?"

मी बोट दाखवलं. तिच्याच समोर. मित्कोची काळी चौकट नुकतीच लावलेली, ओलसर, आणि तिच्या कडेनं जाड्या 'ओ'ची अर्धी ढेरी बाहेर आलेली. खाली कोपऱ्यात 'या!' तेवढं शिल्लक.

बोंका जवळ गेली. डोळे बारीक करून बघत राहिली.

"हे? हे तर दह्याचं आहे."

मी पातेलं थांब्याच्या बाकावर ठेवलं.

"अगं, दह्याचं आहे हे. काल इथेच उभी होते मी. म्हटलं, आणलं मेल्यांनी नवीन." ती बोलत होती आणि तिचा आवाज खाली खाली जात होता. "म्हातारा हसतोय, म्हटलं दह्याचाच. वाचतं कोण ते? मला जागा हवी होती. मेलेल्याच्या कागदावर मी लावीन का? आपल्यात कुणी लावतं का? मी तर जाहिरात बघून लावला..."

मग तिनं वेड लागल्यासारखी नखं घातली. आपल्या हातानं लावलेला नवऱ्याचा कागद ती वरच्या कोपऱ्यापासून सोलायला लागली. मी म्हटलं, बोंका, राहू दे, मेलेल्याचा कागद काढू नये. तिनं ऐकलं नाही. खळ ओली होती. मित्को निघाला तो गेंचोला घेऊनच निघाला, दोन्ही कागद एकमेकांना चिकटून एकाच ओल्या चिंधीत. ती मधे बोट घालून वेगळे करायला गेली, तर दोघांचेही चेहरे फाटले. भिंतीवर पांढरा डाग राहिला.

ती चिंधी हातात धरून उभी होती. मी माझ्याच हातानं छापलेल्या अक्षरांकडे बघत होते. चाळीस कागद. शाळेचं फाटक, औषधाचं दुकान, थिएटरचं दार. ज्याला त्याला तो तिथे हसत हसत दही विकताना दिसला होता आणि ज्यानं त्यानं नजर काढून घेतली होती. गावाला थंडी वाजली नव्हती. गावाला कुणी बोलावलंच नव्हतं. मीच त्याच्या नावानं जाहिरात लावून त्याला एकट्याला पुरून आले होते. मघाशी दिलेल्या सगळ्या शिव्या मला आठवल्या आणि त्या घ्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"किती वाजता होतं?" बोंकानं विचारलं.

"दोनला."

"दोनला मी घरीच होते," ती म्हणाली. "खळ शिजवत बसले होते. काही काम नव्हतं गं मला."

मी पातेल्याचं झाकण काढलं. तिनं कागद खिशात घातला आणि हात पुढे केला. मी त्यावर गहू घातले. हात खळीनं माखलेला होता, दाणे बोटांना चिकटून बसले. ती एकेक दाणा दातांनी काढून खात राहिली, आणि तिची वाडीची बस आली तरी आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.